खायचं का पेरायचं

गंगाधरमामांच्या खोलीत शिरलं की ते बसा म्हणायचे नाहीत, चहा विचारायचे नाहीत. चष्मा कपाळावर ढकलून एवढंच म्हणायचे, "खायचं का पेरायचं?" लग्नपत्रिका करून घ्यायला आलेल्या माणसालाही हाच प्रश्न. बिचारा गांगरून जिन्याकडे बघायचा. मीही गांगरले होते. "खायचं," म्हटलं, तर त्यांनी चष्मा नाकावर घेतला आणि म्हणाले, "मंग दुसरीकडं जा, ताई. खायच्या मालाचं काम मी बिलकुल करत न्हाई."

नवीन जालन्यात, स्टेशनच्या रस्त्याला, एका बियाण्यांच्या दुकानावर त्यांची ती खोली होती. मामा गेले, आता तिथे कुणाचं तरी कुरियरचं ऑफिस आहे. उभा जन्म या माणसाने बियाण्यांच्या थैल्यांवरची चित्रं काढली. कपाशीचं टपोरं बोंड, मिरचीचा झुपका, फेटा बांधून हसणारा शेतकरी; आधी ब्रशने, मग कॉम्प्युटरवर. शेतकऱ्यांना वाणाचं नाव लक्षात राहायचं नाही, ते दुकानात येऊन 'दोन बोंडांची थैली द्या' म्हणायचे. ती दोन बोंडं मामांची. आपलं नाव कुठेच छापलं जात नाही याचं त्यांना काही वाटत नसे. मी भेटले तेव्हा ते नुसते थकलेले होते. बोलता बोलता वाक्य अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर बघत बसायचे.

थकलेली तर मीही होते. सोयाबीनचं दूध काढल्यावर जो चोथा उरतो तो लोक गुरांपुढे टाकतात. तो उन्हाच्या ड्रायरमध्ये वाळवून, भाजून, गूळ घालून त्याचं सातूसारखं पीठ करायचं, असा मी आणि माझा वर्गमित्र सुमेध, आम्ही दोघांनी मांडलेला उद्योग. पीठ जमलं, लोगो काही जमेना. पुण्याच्या एका एजन्सीने अकरा नमुने पाठवले आणि अकराही ठिकाणी हिरवं पान. कुठे गोल पान, कुठे पानावर थेंब, कुठे पानातून उगवणारा सूर्य. सुमेधचं म्हणणं, पर्यावरण म्हटलं की पान लागतंच. माझं डोकं उठलं होतं. मामांनी नकार दिल्यावरही मी त्यांच्याकडे जात राहिले त्याचं खरं कारण हेच की तिथे मला कोणी पान दाखवत नव्हतं.

चौथ्या खेपेला त्यांनी स्वतःहून ते अकरा कागद मागितले. एकेक बघून बाजूला ठेवत गेले.

"हे पान मी किती डब्यांवर काढलंय, माहितंय का? तणनाशकावर पान. फवारणीवर पान. आमच्याकडं पान दिसलं की माणूस हात धुऊन राह्यला, तोंडात घालत न्हाई."

"मग तुम्हीच काढा ना, मामा."

त्यांनी ते कागद पालथे घातले. मग सांगितलं ते असं. फार वर्षांपूर्वी ज्वारीच्या बियाण्याच्या थैलीवर त्यांनी ताट काढलं होतं. कंपनीलाच तसं हवं होतं. टम्म फुगलेली भाकरी, तिच्यावर लोण्याचा गोळा, बाजूला हिरवी मिरची. बघणाऱ्याला भूक लागावी असं ते ताट. पेरणी झाल्यावर उरलेली एक थैली मजुरी करणाऱ्या एका घरात गेली. बियाण्याला विषारी औषध लावलेलं, दाणे गुलाबी. त्या बाईने दाणे तीनदा धुतले, दळले, भाकरी केल्या. तिची पोरगी जगली. बाई गेली.

"थैलीवर छापलेलं होतं, खायचं न्हाई म्हणून. त्यामुळं मला कुणी बोललं न्हाई. पण तिला वाचता येत नव्हतं, ताई. मला येत होतं." मग म्हणाले, "दवाखान्यात गेल्तो मी. पोरीला लांबूनच बघून आल्तो. काय सांगणार? तुझ्या आईला भाकरी मी दाखवली म्हणून?"

कंपनीने पुढच्या हंगामाला पुन्हा तेच ताट मागितलं. त्या दिवसापासून मामांनी खाण्याची वस्तू काढली नाही.

मला रडू आलं, आणि त्याच वेळी मनात आमच्या लोगोचाही विचार होता, हे कबूल करते. मी म्हटलं, "मामा, आमचा माल खरंच खायचा आहे. तो खायचा आहे हे ज्याला वाचता येत नाही त्याला कोण सांगणार?" त्यांनी अकरा कागद गोळा करून माझ्या हातात परत दिले. मला वाटलं, दुखावला माणूस. आठवड्याने फोन आला, "येऊन जा."

कागदावर एक हात होता. पाची बोटं जुळवून उचललेला घास, आणि बोटं आपल्या तोंडाकडे, लहानपणी आई भरवायची तशी. एकाच काळ्या रंगात. मनगटावर दोन बांगड्या. मी फोटो सुमेधला पाठवला. 'सुंदर आहे, पण जुनाट. पैसे लावणारे हसतील,' असं त्याचं उत्तर. मामा चिडले नाहीत. म्हणाले, "त्यांना कशाला दाखवता? ज्याला अक्षर येत न्हाई त्याच्यापुढं ठेवायचं. विचारायचं काही न्हाई, नुसतं बघत बसायचं."

म्हणून आम्ही तिघं अंतरवाली सराटीला गेलो. सुमेध मुद्दाम पुण्याहून आला होता. माझ्या ओळखीच्या, अक्षर न येणाऱ्या कडूबाईंच्या ओसरीवर मी दोन पुड्या ठेवल्या, आत पीठ तेच. एकीवर पान, एकीवर हात. कडूबाईंनी पानाची पुडी उचलली आणि तोंड वाकडं केलं. "हे फवारणीचं कशाला आणलं गं घरात?" असं म्हणत ती नातीच्या हाताला लागू नये म्हणून वर माळ्यावर टाकली. दुसरी पुडी काही न बोलता दाताने फोडली. चिमूटभर पीठ काढून नातीच्या तोंडापाशी नेलं.

"थांबा!"

जिना चढताना दोनदा टेकणारे मामा एका झटक्यात उठले आणि त्यांनी कडूबाईंचं मनगट धरलं. पुडी ओढून घेतली, आपल्या तळहातावर पीठ ओतलं आणि तोंडात टाकलं.

"मामा, आपलंच पीठ आहे," मी म्हटलं.

"माहितंय मला."

ते भिंतीला टेकून बसले. पोरगी भेदरून रडायला लागली. "काय झालं गं या बाबाला?" कडूबाई मला विचारत होत्या. सुमेधने मोबाइलवर चाललेलं शूटिंग बंद केलं. पाव तास, त्याहून जास्तच, आम्ही सगळे एका म्हाताऱ्या माणसाच्या तोंडाकडे बघत बसलो. ते कपाळाचा घाम पुसायचे, पोटावरून हात फिरवायचे, पुन्हा डोळे मिटायचे.

मग त्यांनी पोरीला जवळ बोलावलं. ती येईना, तर स्वतः सरकत तिच्यापाशी गेले, तिचा तळहात उघडला आणि त्यावर पीठ ओतलं.

"खा, माय. खा."

ती खात होती तोवर ते तिच्या तोंडावरून नजर हलवत नव्हते. हात चाटूनपुसून तिने आणखी मागितलं तेव्हा ते सुमेधकडे वळले. म्हणाले, "घ्या आता छापायला."