टेपबाईची साक्ष

गळ्यात माप घ्यायची टेप कायम लोंबत असायची, म्हणून सगळे तिला टेपबाई म्हणत. बायकांचे कपडे शिवण्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. दुकानातल्या पडद्यामागे आरशासमोर उभी राहिलेली बाई हमखास स्वतःलाच नावं ठेवायची. पोट सुटलंय म्हणे, दंड थुलथुलीत झालेत म्हणे. टेपबाई तोंडातल्या टाचण्या काढून म्हणायची, "तुमच्यात काही कमी नाही. कमी आहे ती कापडात." बाई हसायची आणि ताठ उभी राहायची.

घरी मात्र टेपबाईला असं म्हणणारं कुणी नव्हतं. नवरा वर्षानुवर्षं मोबाईलवर नको ते व्हिडिओ बघत बसायचा. बायकोकडे बघणं त्यानं कधीच सोडून दिलं होतं. खोट आपल्यातच असणार, असं ती धरून चालली. उपाशी राहून पाहिलं, स्वतःसाठी नवे कपडे शिवून पाहिले. शेवटी दुकानातल्या आरशाकडे पाठ करून काम करायला शिकली. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ झाकून झाकून बोटं आखडतात, ते कुणी सांगत नाही.

मग ती दोघं जायची त्या चर्चमध्ये नवे पाळक, म्हणजे धर्मगुरू, आले. माणूस भला. ज्या विषयाचं नाव निघताच लोकांना एकदम खोकला येतो, त्यावर ते थेट व्यासपीठावरून बोलले. दर गुरुवारी पुरुषांची बैठक सुरू केली. टेपबाईचा नवरा गेला, रडला आणि खरंच सुटला. हे नाकारण्यात अर्थ नाही.

एका रविवारी त्यानं सगळ्यांसमोर साक्ष दिली, म्हणजे आपण कसे बिघडलो आणि देवानं कसं सोडवलं ते सांगितलं. त्या मंडळीत रीत अशी, की साक्ष देणाऱ्याच्या शेजारी घरच्यांनी उभं राहायचं. टेपबाई उभी राहिली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याला मिठ्या मारल्या आणि तिला म्हणाले, "नशीबवान आहेस हो!" जणू बाईला लॉटरीच लागली होती! त्याचं ओझं उतरलं आणि तिची झाकली मूठ चव्हाट्यावर आली. तिला आधी कुणी विचारलंसुद्धा नव्हतं.

पाळक आनंदाच्या भरात म्हणाले, "ताई, पुढच्या रविवारी तुम्ही बोला. 'मी माफ केलं' एवढंच म्हणा. बाकीच्यांना धीर येईल."

आठवडाभर तिला अन्न गोड लागलं नाही. माफ केलं म्हणावं, तर देवाच्या घरात खोटं बोलायचं. नाही म्हणावं आणि आत्ता कुठे सावरलेला नवरा पुन्हा घसरला, तर खापर हिच्याच डोक्यावर.

रविवारी ती व्यासपीठावर चढली. सवयीनं हात गळ्याकडे गेला, पण टेप नव्हती.

"मी अजून माफ केलेलं नाही," ती म्हणाली. "करायचंय मला. पण इतकी वर्षं मला वाटत होतं, मीच कुरूप आहे. त्याचं काय करायचं, ते गुरुवारी कुणी सांगत नाही."

टाळ्या वाजल्या नाहीत. नवरा मान खाली घालून बसला. पाळकांनी घाईघाईनं गीत सुरू केलं आणि सूरच चुकला. त्यानंतर ओळखीच्या बायका तिला बघून रस्ता ओलांडायला लागल्या. दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. खरं बोलल्याचं बक्षीस!

मग एका दुपारी पाळकांची पत्नी आली. पिशवीतून निळा झगा काढून तिनं पडद्यामागे जाऊन घातला. टेपबाईनं खांदे बघितले, कंबर बघितली.

"वहिनी, हा तर अगदी नीट बसतोय. यात करायचं काय?"

"काही नाही." वहिनी आरशाकडे पाठ करून उभ्या होत्या. "आमचे हेही बघायचे. म्हणून तर त्यावर इतकं चांगलं बोलतात. सोडलं त्यांनी, केव्हाच सोडलं. मला मात्र अजून आरशात बघवत नाही."

घरोघरी मातीच्या चुली, हे टेपबाईला ठाऊक होतं. पण ही चूल तिच्या स्वप्नातही नव्हती. तिनं दुकानाचं दार लोटलं, स्टूल पुढे केलं. वहिनी कितीतरी वेळ रडत राहिल्या.

"तुमच्यात काही कमी नाही, वहिनी," ती म्हणाली. जन्मभर गिऱ्हाइकांना ऐकवलेलं वाक्य, पण या वेळी ते पुरं व्हायच्या आत तिलाच रडू फुटलं.