सबफॅक्टोरियल आणि चपलांचे पाच जोड

डोकं अजून तापलेलं आहे, म्हणून इथे लिहून टाकते.

दुपारी देवासमधल्या सईच्या कोचिंगमधून फोन आला, ताबडतोब या. गेले. माझी अकरावीतली लेक दाराबाहेर उभी. सर म्हणाले, "मैडम, बच्ची पढ़ने आती है या सबकी चप्पलें इधर-उधर करने?"

झालं होतं असं. सईने वर्गात विचारलं, सबफॅक्टोरियल म्हणजे काय? सर म्हणाले, परीक्षेत येत नाही, बैस खाली. मग सुट्टीत तिने पाच मैत्रिणींच्या चपला मांडून स्वतःच शोधलं. पाच जोड पाच जणींना वाटायचे प्रकार एकशेवीस, हे फॅक्टोरियल. त्यांत कोणालाच स्वतःचा जोड मिळत नाही असे चव्वेचाळीस, हे सबफॅक्टोरियल. दहावीनंतर गणित सोडलेली बाई मी, मलाही समजलं!

मी सरांना विचारलं, "आपको पता था?" तर घड्याळ बघायला लागले.

अहो, "माहीत नाही, उद्या बघून सांगतो" एवढं म्हणायला काय जात होतं?

येताना स्कूटीवर मागून सई हळूच म्हणाली, "आई, यापुढे वर्गात काहीच विचारणार नाही मी. चालेल ना?"