तिबोटी खंड्या आणि माझा कुकारा

आता हे तुम्हाला कुठून सांगायला घेऊ? सांगायची लाज वाटते आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही. चहा घ्या तोवर. माझं बोलणं संपेपर्यंत तो निवणार, कारण मी बोलतो फार हळू. सगळा घोटाळा त्यामुळेच झाला.

मी ओवे गावचा. शाळा चौथीपर्यंत, तीही पावसाळा सोडून, कारण पावसाळ्यात शेत असायचं. जन्म भातात गेला. मग त्या भातावर खारघरचे टॉवर उभे राहिले आणि मी घरी बसलो. बायको गेली. राहिली शेंडेफळ लेक, स्नेहल. पनवेलला नोकरी करते. तिनं आपला मुलगा आपणच पसंत केला, ओंकार. पोरगा गुणाचा. पण त्याचे वडील, मोहनराव, यांनी अजून हो म्हटलं नव्हतं. नाहीही म्हटलं नव्हतं. म्हणाले, "आधी माणसं कळू देत."

तेवढ्यात पितृपंधरवडा लागला. पंधरवड्यात लग्नाची बोलणी कोण करतं? मोहनरावांनीच तोड काढली. बोलणी नकोत, नुसते दोन दिवस जंगलात राहू, पाखरं बघू, ओळख वाढेल. चिरनेरच्या बाजूला, खाडीच्या वरच्या अंगाला दाट रान आहे, तिथं राहायची सोयही आहे. मोहनराव ऑफिसातून रिटायर झालेले आणि पाखरांचे वेडे.

निघताना स्नेहल म्हणाली, "बाबा, ते विचारतील तेवढंच बोला हं. शेतावरचं काही काढू नका."

मी "बरं" म्हणेपर्यंत गाडी दारात आली होती.

ओंकार गाडी चालवत होता. मोहनराव त्याच्या शेजारी, आम्ही बापलेक मागे. पनवेल सुटलं तसे मोहनराव मागे वळले. "तुमचं आयुष्य शेतात गेलं. पाखरांची तुम्हाला चांगलीच माहिती असणार."

मला म्हणायचं होतं, माहिती कसली साहेब, मी जन्मभर पाखरं हाकलली. भाताच्या लोंबीवर बसतो तो चोर, एवढीच आमची ओळख. हे सगळं मी मनात जुळवत होतो. "माहिती..." एवढं बाहेर पडलं.

"बघ ओंकार," मोहनराव म्हणाले, "ज्याला येतं तो असा गप्प असतो."

पुढे तारेवर एक हिरवं पाखरू बसलं होतं. "हे कोणतं हो?" मी नीट बघायला लागलो. मी बघतोय तोवर तेच म्हणाले, "वेडा राघू. बरोबर ना?"

मी मान हलवली.

"वा," मोहनराव म्हणाले.

असं जंगलापर्यंत चाललं. ते विचारायचे, तेच उत्तर द्यायचे आणि कौतुक माझं करायचे. गाडीतून उतरलो तेव्हा मी रानातला मोठा जाणता झालो होतो. स्नेहल माझ्याकडे बघत होती. मी झाडांकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मोहनरावांनी माझा पांढरा सदरा उतरवला. पांढरं दिसलं की पाखरू येत नाही म्हणे. मला पानापानांचं जाकीट दिलं, तशीच टोपी दिली. आरशात बघितलं तर करवंदीची जाळी दिसत होती.

आम्हाला बघायचा होता तिबोटी खंड्या. मुठीत मावेल एवढं पाखरू, अंगावर जांभळा, पिवळा, केशरी, जणू रंगपंचमी खेळून आलेलं. पावसाळ्यात येतं आणि पाऊस सरला की जातं. मोहनराव कितीतरी पावसाळे त्याच्या मागे होते, पण फोटो सोडाच, नीट दिसलंही नव्हतं. चढताना गुडघे धरून ते मला म्हणाले, "हे शेवटचं. पुढच्या वर्षी हे गुडघे मला इथवर आणणार नाहीत."

ते असं म्हणाले तेव्हा मला त्यांची माया वाटली. मनात म्हटलं, देवा, याला पाखरू दाखव आणि माझ्या पोरीला घर दे.

ओढ्याकाठी हिरव्या कापडाचा आडोसा बांधला होता. त्यामागे आम्ही चौघं दाटीवाटीनं बसलो. पाण्यावर एक वाळकी काटकी झुकली होती. खंड्या आला तर तिथंच बसणार, असं मोहनरावांचं म्हणणं. कॅमेरा तिच्यावर लावून त्यांनी तोंडावर बोट ठेवलं.

मग बसलो. किती बसलो देव जाणे. एक डास माझ्या नाकावर बसला आणि पोटभर प्याला. मी हललो नाही. घशात खोकला आला, तो गिळला. तो परत आला, परत गिळला. स्नेहलनं माझं मनगट धरून ठेवलं होतं. 

आता एक सांगायचं राहिलं. त्या रानाच्या खाली भातशेती होती. हळवं भात, म्हणजे लवकर पिकणारं, दाणा भरलेलं. त्याचा वास वर येत होता. तुम्ही म्हणाल, वासानं काय होतं?

सांगतो. दाणा भरला की आमच्याकडे शेताशेतात मचाण उभं राहायचं. त्यावर बसून पाखरं राखायची. हातात गोफण, आणि गोफणीहून मोठा आवाज. त्याला आम्ही कुकारा म्हणतो. आणि कुकाऱ्याचा एक नेम असतो. शेजारच्या मचाणावरून कुकारा आला की आपण द्यायचाच. नाही दिला, तर माणूस झोपला तरी आहे, नाहीतर त्याला जनावर चावलं आहे. मग सगळे हातातलं टाकून पळत येतात. आमच्या शेताला दोन मचाणं होती. एकावर मी, दुसऱ्यावर स्नेहलची आई. घरी आम्ही फार बोललो नसू, पण मचाणावरून तिचा कुकारा आला आणि मी दिला नाही, असं कधी झालं नाही.

तर खंड्या आला.

आला म्हणजे, काटकी रिकामी होती आणि मग ती रिकामी नव्हती. एवढासा जीव. चोच लालभडक. मोहनराव कॅमेऱ्याला डोळा लावून पुढे झुकले. त्यांचं बोट हळूहळू बटणाकडे निघालं.

आणि खालच्या भातातून आवाज आला, "हाऽऽऽ होऽऽऽ."

बाईचा आवाज होता. कितीतरी वर्षांनी कुणीतरी कुकारा दिला होता.

जन्मात पहिल्यांदा माझं तोंड माझ्या डोक्याच्या आधी चाललं. "हाऽऽऽ होऽऽऽ हुर्रर्रर्र."

काटकी हलत राहिली. तिच्यावर कुणी नव्हतं.

मोहनराव वळले ते हळूच वळले. स्नेहलनं डोळे मिटून घेतले होते. ओंकार कापडाकडे बघत होता, जसं काही त्यावर लिहिलेलं आहे.

"हा..." मोहनराव कुजबुजले, "हा आवाज तुम्ही त्याला बोलवायला काढलात?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. पण "नाही साहेब, मी हाकलला" हे वाक्य केवढं आहे बघा. मी "ना..." पाशी होतो, तोवर त्यांचे डोळे चमकले. "म्हणजे आधी बावरतो आणि मग येतो. ऐकलंय मी असं. परत काढा."

"बाबा," स्नेहल म्हणाली. तिनं माझं मनगट ओढलं.

आता तुम्हीच सांगा, मी काय करायचं? तो माणूस आशेनं बघत होता. खालून दुसरा कुकारा आला, त्याचंही उत्तर अंगावर होतं. मी दिला. भरपूर छातीनं दिला. त्यासरशी रानातली होती नव्हती ती पाखरं उठली. पोपट, बुलबुल, ज्यांची नावं मोहनरावांनी मला विचारून मलाच सांगितली होती ती सगळी, डोक्यावरून खाली भाताकडे गेली.

"जागं केलंत तुम्ही सगळ्यांना," मोहनराव म्हणाले. "आता अजिबात आवाज नको. येईल तो."

खालून तिसरा कुकारा आला. स्नेहलची नखं माझ्या मनगटात रुतली. मी गप्प बसलो.

चौथा आला. आता त्यात काळजी होती. ती मला कळत होती, आणखी कुणालाच कळत नव्हती. मी ओठ दाताखाली धरले.

मग आवाज बंद झाला. आता काय होणार, हे मला माहीत होतं. मोहनरावांना सांगावं म्हणून मी वळलो. "साहेब, ती..."

"श्श."

खालच्या झाडीत काटक्या मोडायला लागल्या. काहीतरी मोठं, दमलेलं, सरळ आमच्यावर येत होतं. मोहनराव पांढरे पडले. "रानडुक्कर," ते म्हणाले आणि त्यांनी माझा दंड धरला, कारण जाणता मीच होतो.

झाडीतून एक बाई बाहेर आली. काष्टा खोचलेला, हातात कोयता, धाप लागलेली. "कोनला चावला? कुठं चावला?"

तिनं चौघांना नीट बघितलं. मग करवंदीच्या जाळीतला मी तिला बरोबर सापडला.

"तुमी दिला का कुकारा?"

मी मान हलवली.

"जिवंत हाव ना? मंग नंतर का नाय दिला? मी भात टाकून धावत आलंय."

"चुकलं बाय," मी म्हणालो.

"आनि रानान कसली पाखरं हाकलताव? सगली उठून माज्या भातान पडली."

मोहनराव पुढे झाले. "एक मिनिट ताई. हा आवाज पाखरं बोलवायचा नाही?"

बाई त्यांच्याकडे बघत राहिली. "बोलवाया? ओ दादा, या आवाजान भाजलेला कोंबरा पन ताटातून उठंल."

ओंकारला हसू आलं, ते त्यानं खोकल्यात घातलं. बाई तणतणत खाली गेली. आडोशामागे जी शांतता झाली, तसल्या शांततेत खंड्या शंभरदा यायला हवा होता. नाही आला.

परतीच्या वाटेवर तारेवर वेडा राघू होता, पण मोहनरावांनी मला विचारलं नाही.

घरी आल्यावर स्नेहल एवढंच म्हणाली, "बाबा, 'नाही' म्हणायला किती वेळ लागतो?"

"मी म्हणतच होतो गं."

ती आत गेली. रात्री जेवली नाही. तिची आई असती तर तिनं समजूत काढली असती. मला समजूत काढायला आठवडा लागतो.

नवरात्र बसलं तरी फोन नव्हता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. मोहनराव म्हणाले, "घरी या. थोडं काम आहे." पोरीचं तोंड उतरलं. नकार समोर बसवून द्यायची शहाण्या लोकांची पद्धत असते.

त्यांचं घर खारघरच्याच एका टॉवरात, सातव्या मजल्यावर. बाल्कनीतून खाली बघितलं तर पाण्याच्या टाकीपाशीच कुठंतरी आमचं शेत असावं. कुंडीत एक कबुतर ऐसपैस बसलं होतं. चहा नाही, पाणी नाही. मोहनराव म्हणाले, "जाळी लावली, सीडीच्या चमकत्या तबकड्या टांगल्या. हलत नाही. तुम्ही उडवून दाखवा."

तोंडावर हसू नव्हतं. स्नेहल दाराशी, ओंकार तिच्यामागे. मी छाती भरून घेतली आणि जन्मात दिला नसेल असा कुकारा दिला.

समोरच्या टॉवरचे पडदे सरकले. खाली पोरांचा चेंडू थांबला. कबुतरानं एक डोळा माझ्याकडे केला, मान आत घेतली आणि नीट बसलं.

घरातला इंटरकॉम वाजला. मोहनरावांनी उचलला. "हां, बोला. नाही हो, कुणी पडलं नाही. काही नाही, आमचे व्याही आहेत."

मी नीट ऐकलं का, ते विचारायला तोंड उघडलं. नेहमीसारखा उशीर झाला. मोहनरावांनी त्यात पेढा घातला.

लग्न झालं, दोघं सुखात आहेत. खंड्या काही पुन्हा दिसला नाही. कबुतरानं त्याच कुंडीत अंडी घातली. मोहनरावांनी त्याचा मोठा फोटो काढून दिवाणखान्यात लावलाय. आल्यागेल्याला सांगतात, "हे आमच्या व्याह्यांनी बोलावलेलं."

मी दर वेळी सांगायला जातो की तसं नाही. पण तोवर पाहुणा चहा पिऊन उठलेला असतो.