मास्तरांच्या दारातलं उत्तर

पौषातल्या पहाटे सूर्यमाळच्या उतारावर धुकं असं दाटतं, की गाडीला जुंपलेले आपलेच बैल दिसेनासे होतात. नुसत्या गळ्यातल्या घुंगरांवरून कळतं, की ते चालताहेत. भिजलेल्या पेंढ्याचा गोडसर वास, बोटांना झोंबणारा कासरा, आणि समोर सगळं पांढरं. त्या पांढऱ्यातून हळूहळू डोंगर उमटत गेला, की वाटतं, जग आत्ताच कुणी घडवतंय.

असल्याच एका पहाटे मी घरच्यांना जव्हार दाखवायला निघालो. भाताची झोडणी उरकली होती, नागली कणगीत पडली होती. पाड्यात अक्षर ओळखणारा मी एकटा, तेही दुसरीपर्यंतचं. पण तेवढ्यावर संस्थानच्या जंगलाचा राखणदार झालो होतो आणि स्वतःच्याच पागोट्याखाली मावत नव्हतो. गाडीत सोमी होती आणि आमची आठ वर्षांची बुधी.

सोमी माझ्या घरात दहा वर्षं नांदत होती, पण आमचं लग्न राहिलं होतं. आम्हां वारल्यांत यात नवल नाही. आधी घर मांडतात. धान्य साठलं, सोयरे जमले, की मग लग्न लावणाऱ्या बाईला, धवलेरीला, बोलावतात. त्यावरून कुणी कुणाला बोट दाखवत नाही. मग मलाच त्याची लाज का वाटावी?

मोखाड्याला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी जव्हारला पोचलो. राजवाडा लांबून पाहिला, बाजार पाहिला. बुधीची मान एका जागी ठरत नव्हती. मग मी मुद्दाम गाडी माझ्या जुन्या मास्तरांच्या दारात नेली. आपला विद्यार्थी कुठवर पोचला, हे त्यांनी बघावं, एवढीच हौस.

संक्रांत नुकतीच झाली होती. मास्तरीणबाई तिळगूळ आणि कुंकवाचा करंडा घेऊन बाहेर आल्या. "ये गं, पुढे ये," सोमीला म्हणाल्या, आणि हसून मला विचारलं, "लग्न कधी केलंस रे? कळवलंही नाहीस."

मास्तर ओटीवर बसून माझ्याकडे बघत होते. सोमीचा गळा मोकळा होता. एवढं एकच वाक्य सांगायचं होतं, की आमच्यात असंच असतं. पण मी म्हणालो, "छे, बाई! ही गावातली मजुरीण. पोरीची आई घरी आहे, वाटेत पोरीला सांभाळायला हिला आणली."

बाईंचा करंड्याकडे गेलेला हात थांबला. तिळगूळ तेवढा त्यांनी सोमीच्या ओंजळीत टाकला. सोमीनं तो बुधीच्या हातावर ठेवला आणि गाडीत जाऊन बसली. तिथंच भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढे दाभोशाचा धबधबा बघायचा होता. वाटेत बुधीनं विचारलं, "बा, आये आपली कोण?" मी बैलांवर ओरडलो. धबधब्याच्या आवाजापाशी गाडी सोडली, तेव्हा सोमी उतरलीच नाही.

"चल ना, बघायला आलोय."

"तुमी बापलेक बघून या. मजुरणीनं बैल सांभाळावेत."

मी पोरीला घेऊन कड्यावर गेलो. खाली पाणी कोसळत होतं, तुषारांत ऊन चमकत होतं. असं देखणं रूप आणि असा माझा हलकट डोळा, देवानं एकाच वेळी का समोरासमोर आणावं? माफी मागायची, हे तेव्हा सुचलं होतं. मागितली नाही. माझा हट्ट माझ्यापेक्षा मोठा होता.

वर्षं गेली. बुधीचं लग्न ठरलं. आईबापाचं लागल्याशिवाय लेकीचं लावता येत नाही, म्हणून एकाच मांडवात आधी आम्ही बसायचं ठरलं. भिंतीवर तांदळाच्या पिठानं लग्नाचा चौक काढून झाला. धवलेरीनं हाक मारली, तर सोमी दारातच उभी राहिली. सगळ्या पाड्यासमोर म्हणाली, "आधी याला इचार, मी याची कोण लागते."

बुधी पिवळ्या हळदीत बसली होती. ती माझ्याकडे बघेना.

"बायको," मी म्हणालो.

"ऐकू नाही आलं," धवलेरी म्हणाली. बाया हसल्या. मी पुन्हा म्हणालो, मोठ्यानं. तेव्हा सोमी येऊन बसली, आणि लेकीचं लग्न लागलं.

लोक म्हणतात, म्हातारा वाकला एकदाचा. मी त्यांना काय सांगू? ज्या अंगणात सगळ्यांना ठाऊकच होतं, तिथं खरं बोलायला कसली छाती लागते? ते जिथं बोलायचं होतं त्या जव्हारच्या ओटीवर, मास्तर जिवंत असेपर्यंत, मी पुन्हा पाय ठेवला नाही. त्या घरात सोमी अजून मजुरीणच आहे.