लाल गोंड्याला गळ कुणी लावला?

परवा शहागडला माहेरी गेले होते आणि गोदावरीच्या काठावर डोकंच फिरलं माझं. अजून शांत झालेलं नाही, म्हणून इथे लिहितेय...

पुलाच्या खालच्या अंगाला एक डोह आहे. तिथे शहरातली काही मंडळी मासे धरायच्या महागड्या काठ्या घेऊन उभी होती. टोप्या काय, खिशाखिशांची जॅकेटं काय... एकाने नुकतीच मोठी मरळ काढली होती आणि तिच्यासोबत फोटो चालले होते.

मासे धरण्याचा मला राग नाही बरं का. आमच्या घरात मरळ आवडीने खातात. सहज बघायला म्हणून थांबले, तर त्या मरळीच्या जबड्यात लाल गोंडा दिसला.

लाल लोकरीचा, मधोमध काळ्या दोऱ्याने आवळलेला, शेपटाला कोंबड्याची पिसं. अगदी आमची ताराआत्या बांधायची तसाच!

मी विचारलं, हे काय आहे? तो गृहस्थ खूश झाला. म्हणाला, "याला फ्लाय म्हणतात ताई, खोटी माशी. आमच्या क्लबची सगळ्यात फेमस. हिचं नाव 'तारा'. आमच्या सरांना इथल्याच एका ताराबाईंनी दाखवली होती. पावसाळ्यात हिला तोड नाही."

खरं सांगते, क्षणभर ऊर भरून आला. आत्याला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तिचं नाव असं परक्या माणसाच्या तोंडी...

मग त्याने मरळीच्या तोंडातून गोंडा सोडवला आणि त्यात दडवलेला गळ मला दिसला. तिथेच माझं टाळकं सटकलं.

कारण आत्याच्या गोंड्याला गळ नव्हताच. कधीच नव्हता!

आता खरा इतिहास ऐका. ऐंशीच्या दशकातली गोष्ट, मी शाळेत होते. ताराआत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण, आमच्याच घरी राहायची. दिवसा ब्लाउज शिवायची आणि संध्याकाळी काठी घेऊन डोहावर. तोंडाने फटकळ, आणि आपल्यासारखे मासे धरणारं आसपासच्या गावांत कुणी नाही, हे स्वतःच सांगत सुटायची.

पावसाळ्यात मरळीला पिल्लं होतात. लालसर पिल्लांचा घोळका पाण्यात वरवर फिरतो आणि नर-मादी दोघं खालून राखण करतात. एका वर्षी आत्याने अशीच राखणीतली मरळ काढली. मागे उरलेली पिल्लं दुसऱ्या माशांनी तिच्या डोळ्यांदेखत फस्त केली. दुसऱ्या दिवशी आत्याने शिवणाला हात लावला नाही.

पाणी गढूळ असलं की पिल्लं दिसत नाहीत. म्हणून तिने पोळ्याला बैलांच्या शिंगांना बांधलेले जुने गोंडे घेतले, लोकर सोडवली आणि पिल्लांच्या घोळक्यासारखा दिसेल असा लाल गोंडा बांधला. तंगूसला, म्हणजे काठीच्या नायलॉन दोऱ्याला, नुसता तो गोंडा लावायचा आणि गळाच्या आधी डोहात फेकून बघायचा.

मला शिकवताना म्हणायची, "भुकेली मरळ गोंडा गिळायला बघती. पण नुसती धडक मारून माघारी गेली, मंग समज तिथं लेकरं हायेत. काठी उचल अन् जल्दी घरी ये. बिलकुल थांबायचं न्हाई."

संतबिंत नव्हती ती. दसऱ्यानंतर मरळीचं कालवण भाकरीसोबत बोटं चाटून खायची. पण गोंड्याची युक्ती गावातल्या सगळ्यांनी उचलली, आणि पोळा झाला की जुने गोंडे लोक आत्याकडे आणून द्यायचे.

मग रस्त्याच्या कामावरचे एक साहेब आले, तेच या क्लबचे 'सर' असणार. मासे धरायचा भारी नाद. आत्याने त्यांना जेवू घातलं, एक गोंडा दिला, सगळं समजावूनही सांगितलं. साहेबांनी त्यातलं अर्धंच ऐकलं... लाल दिसलं की मरळ धावते. उरलेलं अर्धं ते इथेच टाकून गेले आणि घरी जाऊन गोंड्याला गळ लावला!

म्हणजे लेकरांसाठी धावून येणाऱ्या आईबापांनाच मारायचं, आणि वर त्याला माझ्या आत्याचं नाव?

हे सगळं मी त्या गृहस्थाला तिथेच सुनावलं, चांगला आवाज चढवून. तर त्याचा एक मित्र हसत म्हणतो, "अहो ताई, पण क्रेडिट दिलंय ना तुमच्या आत्याला!"

त्यावर मात्र माझा तोल गेला. इतकी वर्षं जालन्यात राहून बदललेली भाषा क्षणात गावाकडची झाली. "चोरून न्यायचं होतं ना खुशाल! पण तिचं नाव कामून लावलं? काढा ते आधी!"

फोटोवाल्या गृहस्थाने बहुधा पहिल्यांदाच डोहाकडे नीट पाहिलं. काठाजवळ लालसर घोळका गोल गोल फिरत होता.

त्याने पक्कड काढली, गोंड्यातला गळ कापून टाकला आणि काठी माझ्या हातात दिली. मी गोंडा घोळक्यापाशी फेकला. जोडीतली राहिलेली मरळ वर आली, धडक दिली आणि पुन्हा पिल्लांकडे वळली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवलं नाही.

त्यांनी सामान आवरलं. त्या माणसाचे आभार मानते, मनापासून. पण राग गेलेला नाही, कारण त्याच्या डबीत असल्या आणखी 'तारा' होत्या आणि सगळ्यांना गळ होते.

क्लबवाल्यांनो, त्या मरळीचा फोटो तुमच्या ग्रुपवर आला असेलच. त्याखाली आत्याचं नाव असेल तर तेवढं पुसा. राखणीतल्या त्या एका मरळीपायी माझ्या आत्याने मरेपर्यंत पावसाळ्यात मासा खाल्ला नाही... आम्हाला मात्र करून वाढायची.