परबकाकांना मी मिळवून दिलेली सूट

युनियनवाल्यांनो, कमिटीवाल्यांनो, स्टाफसाठी घसा कोरडा करणाऱ्या माझ्या सगळ्या मित्रांनो,

मॅनेजमेंट आपलं ऐकत नाही, ही आपली कायमची तक्रार.

माझं ऐकलं. एकदा. शब्दन् शब्द ऐकलं.

म्हणून परबकाका शेवटची काही वर्षं फोनजवळ बसून होते.

काल सकाळी कांदिवलीला, घरीच, हार्ट अटॅकने गेले. सत्तावन्न वय. रिटायरमेंटला आठ महिने होते.

काका आमच्या अंधेरीच्या लिफ्ट सर्व्हिस कंपनीतले सर्वांत जुने मेकॅनिक. जाळीच्या दरवाज्याच्या जुन्या लिफ्ट म्हणजे त्यांचं राज्य. मुलुंडपासून बोरिवलीपर्यंत वॉचमन त्यांना नावाने ओळखायचे.

मी दिसलो की हाक ठरलेली. "काय रे पुढारी, आज खयचो मोर्चो?"

चार वर्षांपूर्वी कंपनीने फर्मान काढलं. नव्या इलेक्ट्रॉनिक पॅनलचं ट्रेनिंग सगळ्यांनी घ्यायचं. टॅबवर परीक्षा. पास झाला तरच नव्या लिफ्टला हात लावायचा. शिकवणार कोण? डिप्लोमा करून आलेली चोवीस-पंचवीसची मुलं.

जुनी माणसं हादरली. गायकवाडकाका मला म्हणाले, "पोरांसमोर नापास झालो तर तोंड कुठे लपवू?"

माझं डोकं फिरलं.

कॅन्टीनमध्ये टेबलावर उभा राहून बोललो. "ज्यांनी तीस वर्षं या शहराला वर-खाली नेलं, त्यांची परीक्षा घेणार तुम्ही?"

टाळ्या. शिट्ट्या. पहिल्या रांगेत परबकाका उभे राहून टाळ्या वाजवत होते.

आठवड्याभरात पत्र निघालं. पन्नाशीच्या वरच्यांना ट्रेनिंगमधून सूट. खाली मॅनेजरची सही आणि युनियनतर्फे माझी सही.

मॅनेजमेंट इतक्या लवकर कशी राजी झाली, हा प्रश्न मला तेव्हा पडला नाही. पडायला हवा होता.

मग एकेक जुनी बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. तिच्याबरोबर तिची लिफ्ट गेली. नव्या टॉवरमध्ये नवी पॅनल. परीक्षा दिलेली नसल्याने काकांच्या हाताला कामच उरलं नाही. त्यांना कंप्लेंटच्या फोनवर बसवलं.

मी म्हटलं, चला, उन्हातान्हात फिरणं तरी वाचलं.

एकदा लंचला पाहिलं, तर काका स्नेहलच्या टॅबवर काहीतरी भरत होते. स्नेहल म्हणजे त्या डिप्लोमावाल्या मुलांपैकीच एक, हुशार पोरगी. मी सगळ्यांदेखत तिला झापलं. "स्वतःचे रिपोर्ट काकांकडून भरून घेतेस? वयाचा काही मान ठेवशील की नाही?"

ती काही बोलायला गेली. काकांनी हाताने थांबवलं. हसले.

"अरे पुढारी, जेव तू. डाळ थंड होता तुझी."

काल त्यांच्या बिल्डिंगखाली स्नेहल भेटली. रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "दादा, आता सांगते. ते रिपोर्ट नव्हते. ते शिकत होते."

माझ्या भाषणानंतर महिन्याभरातच काका तिच्याकडे गेले होते. "माका शिकव गो ह्या नवीन पॅनल."

मी झापल्यावर दोघांनी कॅन्टीन सोडलं. जिन्यात बसायला लागले.

"सगळे एरर कोड पाठ झाले होते त्यांना," ती म्हणाली. "मी साइटवर पोचायच्या आधी काकांचा मेसेज यायचा, दरवाज्याचा सेन्सर बघ. तोच निघायचा. क्रेडिट मला मिळायचं."

गेल्या वर्षी ते मॅनेजरकडे गेले. म्हणाले, परीक्षेला बसतो.

मॅनेजरने फाइलमधून ते पत्र काढलं. "तुमच्याच माणसाची सही आहे, परब. तुम्हाला बसवलं तर तो पुन्हा टेबलावर चढेल."

मी विचारलं, "मग मला का नाही सांगितलंस?"

"काकांनी शप्पथ घातली होती. म्हणाले, तेका सांगू नको हां. तो माझ्यासाठी भांडलो. तेका वायट वाटात."

 

वर गेलो. काकी म्हणाल्या, "तुमच्या भाषणाचा व्हिडिओ मोबाईलमध्ये ठेवला होता त्यांनी. येईल त्याला दाखवायचे. आमचा पुढारी बघा म्हणायचे."

म्हणजे काय समजू मी?

ज्या भाषणाने हातातलं काम गेलं, ते भाषण हा माणूस कौतुकाने दाखवत होता. तो व्हिडिओ मी आज सकाळपासून कितीदा तरी पाहिला. त्यात काका टाळ्या वाजवताना दिसतात. मनापासून वाजवतात. की नाही? मला कळत नाही.

आणि एवढ्यात गायकवाडकाकांचा फोन. "परब गेला, वाईट झालं. पण तुला सांगतो, तू ती सूट मिळवलीस म्हणून मी मानाने रिटायर झालो. नाहीतर तेव्हाच राजीनामा दिला असता."

पत्र एकच. सही एकच.

मग मी चुकलो की नाही? पन्नाशीनंतर चारचौघांत नापास होणं हा अपमानच आहे, हे मी आजही टेबलावर उभा राहून सांगेन. पण परबकाकांना तो अपमान चालला असता. त्यांना लिफ्ट हवी होती. त्यांना काय नको, ते मी त्यांच्या वतीने ठरवून टाकलं. कामगार चळवळीवरची कपाटभर पुस्तकं वाचली मी. चार वर्षं रोज भेटणाऱ्या माणसाच्या मनातलं एक वाक्य वाचता आलं नाही.

परबकाका, मला माफ करा, एवढंसुद्धा नीट म्हणता येत नाहीये. नमस्कार घ्या.

आणि मित्रांनो, तुमच्यापैकी ज्यांनी ज्यांनी अशा सूट देणाऱ्या पत्रावर सही केली आहे, त्यांनी सोमवारी सूट मिळालेल्यांची यादी काढा. त्यातल्या एकेकाला बाजूला घ्या, मीटिंगमध्ये नको. विचारा, "तुम्हाला शिकायचंय का?"

आणि तो बोलेपर्यंत तोंड उघडू नका.