दाताखालचा कट्ट

तांदळाचा एक दाणा पुढच्या दातांखाली धरावा, डोळे अर्धवट मिटावेत आणि हलकेच दाब द्यावा. दाणा नीट वाळलेला असेल तर ‘कट्ट’ असा कोरडा, स्वच्छ, निःशंक नाद कवटीभर घुमतो. ओल उरली असेल तर तो ओशाळलेल्या माणसासारखा काही न बोलता नुसता दबतो. केवढासा हा ध्वनी! पण तो ऐकला की मला भामरागडकडची, चहूकडून पुरानं वेढलेली आमची शाळा आठवते, आणि माझाच लाल शाईतला एक शेरा आठवून कानाच्या पाळ्या गरम होतात.

मी मुळात इतिहासाचा मास्तर. गडचांदूरच्या सिमेंटच्या धुळीत वाढलेला आणि आईच्या व नंतर बायकोच्या कृपाछत्राखाली पूर्णतः निरुपयोगी राहिलेला. शर्टाला बटण लावताना बोटच शर्टाला शिवून घेण्याची सिद्धी मला लहानपणीच प्राप्त झाली होती. अशा या पुण्यवंताच्या गळ्यात, गृहविज्ञानाच्या बाई बदलून गेल्यावर, अकरावीचं गृहविज्ञान पडलं! मग मी तेही इतिहासासारखंच शिकवलं. लढायांची कारणं पाठ करून घ्यावीत तशी कस्टर्डची कृती पाठ करून घेतली. दूध जिथे आठवड्यातून एकदा पुडीतून येई आणि कस्टर्ड कोणी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं, तिथे मुली ती कृती डोलत डोलत म्हणत. स्वावलंबनाचं याहून सुरेल विडंबन कुठे ऐकलंय तुम्ही?

त्या वर्गात मैनी होती. नदीपलीकडच्या पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी, कमी बोलणारी, बोलली तर नेमकं बोलणारी. ‘पयली चाचणी पाहू, पास झाली तर बारावीपर्यंत, नाई तर घरी,’ असं तिच्या वडिलांनी मला पहिल्याच दिवशी हात जोडून सांगितलं होतं. त्या चाचणीत मी विचारलं, धान्य कसं साठवाल? मैनीनं लिहिलं : बांबूची ढोली शेणानं लिंपावी, तळाशी राख घालावी, मध्ये मध्ये निरगुडीचा वाळलेला पाला द्यावा, पण त्याआधी दाणा दातानं फोडून पाहावा, कट्ट वाजला तरच भरावं. पुस्तकात तर हवाबंद डबा होता. मी तिला शून्य दिलं आणि समासात सुवाच्य अक्षरांत लिहिलं, ‘दात हे शास्त्रीय उपकरण नव्हे.’ इतिहासाच्या मास्तरानं विज्ञानाचा केलेला हा सत्कार! त्या शून्यानं ती नापास झाली. वडिलांना द्यायचं प्रगतिपत्रक मी लिहून बॅगेत ठेवलं, आणि दुसऱ्याच दिवशी पूल पाण्याखाली गेला.

रस्ता तुटला तरी मी निश्चिंत होतो. सासुरवाडीचा नवा तांदूळ माझ्या निळ्या ड्रममध्ये बंदिस्त होता, पुस्तकाबरहुकूम हवाबंद! भरताना बायकोनं गडचांदूरहून फोनवर विचारलंही होतं, ‘ऊन दाखवलं का त्याले?’ मी म्हटलं होतं, ‘हो तर!’ ऊन दाखवलं होतं, नाही असं नाही, खिडकीतून. चौथ्या दिवशी झाकण उघडलं. आतून कोंदट, आंबूस वाफेचा लोट आला, आणि त्या शुभ्र राशीवर हिरवट बुरशीचं असं काही मखमली कुरण पसरलं होतं, की सौंदर्यदृष्टी असलेला माणूस क्षणभर हरखलाच असता. ‘धान्य कडक उन्हात वाळवून’ हे पुस्तकातल्या उत्तराचे पहिलेच शब्द मी मुलींकडून शंभरदा वदवून घेतले होते. पण पाठ करून घेणाऱ्यानं कधी ऐकायचं असतं का?

दुकानातला तांदूळ संपला होता. दुपारी मी ताट घेऊन वसतिगृहाच्या रांगेत, मुलांच्या मागे उभा राहिलो. वाढायला नेमकी मैनी. ‘सर, तुमचे तांदूळ सरले का?’ म्हटलं, ‘बुरशी धरली.’ तिनं माझ्याकडे निरागसपणे पाहिलं. ‘मंग दातानं पाह्यलं नाई काऊन?’ त्यात टोमणा असता तर मी सुटलो असतो. त्यात निव्वळ काळजी होती. भाताला निरगुडीचा किंचितसा गंध होता. आणि मला आठवलं, शाळा उघडल्यावर, पावसाआधीच्या उन्हात हीच पोरगी चार मैत्रिणींना घेऊन वसतिगृहाची पोती अंगणात पसरत होती, दाणे चावत होती, पाला घालत होती. आणि ‘अभ्यास सोडून हा काय खेळ चाललाय?’ म्हणून मीच खेकसलो होतो. तो खेळ आज आम्हा सगळ्यांच्या ताटात वाफाळत होता. नापास विद्यार्थिनीनं परीक्षकाला जेवू घालावं, आणि त्यानं दुसऱ्यांदा भात मागावा!

त्याच संध्याकाळी मी शून्य खोडलं, पूर्ण गुण दिले, प्रगतिपत्रक नव्यानं लिहिलं, आणि माझ्या शेऱ्यावर दुसरा शेरा लिहिला : ‘मास्तरांनी वाळवणापासून पुन्हा अभ्यास करावा.’ मग वर्ग अंगणात भरू लागला. पुस्तकातलं एक आणि घरचं एक, असं रोज दोन शिकायचं ठरलं. पोरींनी पुस्तकातला जुलाबावरचा मीठ-साखरेच्या पाण्याचा धडा पुरात फार उपयोगी आहे म्हणून उचलून धरला, नि कस्टर्डला एकमतानं नारळ दिला. आणि मुलांनाही बसवलं. कारण भूक काही मुलींनाच लागते असं नाही, आणि माझ्यासारखा आणखी एक पुरुष तयार करण्याचं पाप मला नको होतं.

पूर ओसरला तसे मैनीचे वडील डोंग्यातून नदी ओलांडून आले. गुडघ्यापर्यंत चिखल, हातात चपला. ‘पास का नापास, गुरुजी?’ मी प्रगतिपत्रक पुढे केलं, आणि कुणी विचारलं नसतानाही सगळी कबुली देऊन टाकली : शून्य, शेरा, ड्रम, बुरशी. ते लक्ष देऊन ऐकत होते. शेवटी मैनीकडे वळून चकित होऊन म्हणाले, ‘याचे बी मार्क भेटते?’ आणि असे मोकळे हसले, की मैनीनंही तोंडावर ओढणी धरली. जाताना म्हणाले, ‘मंग शिकू द्या बारावीपर्यंत.’

घरात पिढ्यान्‌पिढ्या नांदलेल्या शहाणपणाला गुण मिळतात, हे त्या माणसाला नवलाचं वाटावं, यात नापास कोण झालं होतं?

आता तांदूळ मी स्वतः वाळवतो, स्वतः भरतो, आणि भरण्याआधी एक दाणा दाताखाली धरतो. मागच्या खेपेला दाण्याऐवजी खडा आला, आणि दाढेत भरलेलं सिमेंट निखळून पडलं. कट्ट तर झालं, पण ते तांदळाचं नव्हतं. तेव्हा माझा तो शेरा अगदीच चुकीचा नव्हता म्हणा. फक्त दात कोणाचे, ते लिहायचं राहून गेलं होतं.